न उचललेलं ध्रुपद

असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण कान इकडे द्या. आजची कथा कुणा राजाची नाही की साधुपुरुषाची नाही. धर्माचा अभ्यास करायला विद्यापीठात गेलेल्या एका मुलीची आहे आणि तिच्या आत्याची. ऐकून मन हलकं होईल असं सांगत नाही. मध्येच उठू नका, एवढंच मागणं.

आत्या कीर्तन करायची. पोटापाण्यासाठी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री, सकाळी सात ते तीन. आणि रविवारी दुपारी चार वाजता, सायकलच्या दुकानावरच्या लांबट खोलीत, ती देवाचं गायला उभी राहायची. साठ-सत्तर माणसं जमायची. पेटीवर मी. एरवी मी शिलाई मशीनं दुरुस्त करतो. सुरांची बोटांना जाण आहे, गळ्याला नाही. आत्या म्हणायची, "पेटीवाले, तुम्ही आपले बोटांनीच गा. देवालाही कान आहेत हो!"

भाऊ-भावजय गेल्यापासून भाची तिच्याकडेच वाढली. आम्ही तिला ठकू म्हणायचो. आठव्या वर्षापासून ठकू आत्याच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे उभी राहायची. तिचं काम ध्रुपद उचलायचं. म्हणजे असं, की आत्या कथा रंगवत आणायची, एक कडवं म्हणायची, आणि परत परत येणारी ती एक ओळ ठकूनं धरायची. ठकूनं धरली की खोलीभर माणसं धरायची, त्याआधी कुणी तोंड उघडत नसे. तेवढ्या वेळात आत्या घोटभर पाणी प्यायची, पुढचं मनात जुळवायची.

ठकू धर्माभ्यास विभागात जायला लागली तेव्हा शेजारीण म्हणाली, "धर्म शिकायला विद्यापीठ कशाला? घरात काय कमी होता?"

"अगं, घरी रोज जेवतो म्हणून डॉक्टरनं पोट शिकायचं नाही का?" आत्या म्हणाली. आणि वर, "माझी ठकू देवाची सगळी कागदपत्रं तपासून येणार आहे. काही खोट निघाली तर तुला आधी कळवते!"

पहिलं वर्ष आनंदात गेलं. दुसऱ्या वर्षी आत्या विसरायला लागली. धुलाईघरात तीच चादर तिनं तीनदा इस्त्री केली, तेव्हा मुकादमानं तिला घड्या घालायला बसवलं. रविवारी मात्र कुणाला कळत नसे. कडवं संपलं की आत्या वळून ठकूकडे बघायची. ठकूला त्या नजरेतलं कळायचं. मग ती ध्रुपद दोनदा नाही, चारदा म्हणायची, सहादा म्हणायची, आत्याची मान हलेपर्यंत. लोक म्हणायचे, हल्ली काय रंगतं कीर्तन! मी पेटीवरून बघत होतो. ठकूला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. बोललो कधीच नाही.

लघुप्रबंधाला ठकूनं विषय घेतला तो हाच, कीर्तनात ध्रुपदाचं काम काय. आत्याची आठ कीर्तनं रेकॉर्ड करून सरांकडे नेली. सर वाईट नव्हते हो. सगळ्या धर्मांचे ग्रंथ वाचलेला सज्जन माणूस, मुलांना स्वतःची पुस्तकं घरी न्यायला द्यायचे. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि यंत्र बंद केलं.

"हा मागचा आवाज कुणाचा?"

"माझा, सर."

"म्हणजे वजन करायला बसलात आणि पाय काट्यावर! अहो, जे तपासायचं ते तुम्हीच घडवताय. एक तरी नोंद तुमच्या आवाजाविना हवी. सोमवारी द्या. नाहीतर यंदाचं वर्ष गेलं असं समजा."

ठकू तशीच माझ्या दुकानात आली. मी एका मशीनचं चाक काढून बसलो होतो.

"मग सांगायचंस ना त्यांना," मी म्हणालो, "आत्याला हल्ली आठवत नाही म्हणून."

"सांगितलं असतं तर ते प्रबंधात लिहावं लागलं असतं, काका. तो तिथल्या ग्रंथालयात राहतो. कोणीही उघडून वाचतं." तिनं टेबलावरचे स्क्रू उगाच एका रांगेत लावले. "या रविवारी ध्रुपद तुम्ही उचलाल?"

"मी?"

"एवढा एकच रविवार. आत्याची मान हलेपर्यंत म्हणत राहायचं. थांबायचं नाही."

उचलतो म्हणालो. तीन दिवस दुकानाचं दार ओढून घेऊन सरावही केला. आत्यालाही ठकूनं सांगितलं होतं, "मी मागे नसेन, समोर बसेन, काका म्हणतील." आत्या हो म्हणाली होती. पण तिला सांगितलेलं राहतंय कुठे?

रविवारी खोली भरली. ठकू पहिल्या रांगेत, मांडीवर रेकॉर्डर. आत्यानं कथा घेतली ती तिच्याच धंद्यातली, तिनंच रचलेली. रोग्यांच्या चादरी धुणारी एक बाई. तिला रोज देवाच्या दारात पोचायला उशीर होतो. आज तर इतका, की दार लागलेलं. ध्रुपद होतं,

*दार नको लावू देवा, मला होईल उशीर.*

पहिलं कडवं झालं. मी उचललं. काय सांगू, फुटक्या पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज! पोरं खिदळली. आत्याही हसली आणि हात जोडून म्हणाली, "पेटीवाले, आज देवाची परीक्षा घेताय होय?" अख्खी खोली खो खो हसली. मीही हसलो. पण कानशिलं तापली. हसू ओसरेपर्यंत तिला पुढचं आठवलं, ती सुरू झाली.

दुसरं कडवं. बाई दारावर हात ठेवते. आतून विचारणा होते, इतका वेळ कुठे होतीस? बाई सांगते, एकाची चादर चार वेळा धुवावी लागली, डाग जाईना. इथं आत्याचा आवाज असा लागला, की मागच्या रांगेतला सायकलवाला डोळे पुसायला लागला. कडवं संपलं. आत्या डावीकडे वळली.

तिथं कुणी नव्हतं.

मी पेटीवर ध्रुपदाचे सूर वाजवले. तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, कशाला परत हसं करून घ्यायचं? सुरांनी येईल तिला आठवण. आत्याची नजर फिरत फिरत समोर ठकूवर आली. तिथेच थांबली. ओळखीची, विश्वासाची नजर. दे ना गं, म्हणणारी. ठकूनं माझ्याकडे बघितलं. मी पेटीकडे बघितलं. मग ठकूनं मान खाली घातली. रेकॉर्डरवरचा तांबडा दिवा लागलेला होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. एका ओळीचं तर काम होतं, आणि खोलीत ती दोघांनाच सोपवलेली होती.

माझी बोटंही थांबली. खालून सायकलच्या चाकात हवा भरल्याचा आवाज तेवढा येत होता.

आत्यानं दुसरं कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथेच आली. मग खूप सौम्यपणे, घरी पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाली, "आज इथेच थांबू या. मला पुढचं येत नाही."

माणसं चपला शोधायला लागली. त्या कथेतली बाई दाराबाहेरच राहिली. पुढचं कडवं, ज्यात देव स्वतः उठून येतो असं आत्यानं आधी सांगितलं होतं, ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. आत्याला लिहिता येत होतं, पण कीर्तन लिहायचं नसतं असं ती म्हणायची. आणि ठकूनं केलेल्या आठ नोंदींत हे कीर्तन नव्हतं. त्या रविवारी तिनं ते पहिल्यांदाच केलं होतं.

जिन्यावर आत्या एकेक पायरी जपून उतरत होती. ठकूनं दंड धरला होता. मी पेटी घेऊन मागे.

"ठकू, माझ्यामुळे तुझ्या परीक्षेचं बिघडलं का गं?"

"नाही आत्या. छान झालं."

"मला वाटलं, तू रागावलीस. बोललीच नाहीस ना."

ठकूनं तिला पुढची पायरी दाखवली.

सोमवारी तिनं रेकॉर्डिंग दिलं. प्रबंधात ध्रुपदाची सात कामं लिहिली. कथेला बांधून ठेवणं, श्रोत्यांना सामील करणं, अशी. उभ्या माणसाला सावरून धरणं हे आठवं. ते तिनं लिहिलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांना ती शांतता फार आवडली. चौदा सेकंद, त्यांनी मोजली होती. "मौनाचा इतका परिणामकारक वापर मी क्वचित ऐकला," असं म्हणाले. ठकू पहिली आली. त्याच विभागात आता शिकवते.

आत्या त्यानंतर कीर्तनाला उभी राहिली नाही. वर्षभर रोज दुपारी घरातल्या दोन चादरी उलगडायची, घड्या घालायची, पुन्हा उलगडायची. मी जायचो. ठकू तिच्या शेजारी बसून ते ध्रुपद म्हणायची, दहादा, वीसदा. आत्या कौतुकानं ऐकायची आणि विचारायची, "किती गोड! कुणाचं गं हे?" थंडी सरता सरता ती गेली.

आता रविवारी दुसरे बुवा येतात. चांगले आहेत. ठकू येते, मागच्या खिडकीशी बसते. ध्रुपद आलं की सगळी खोली उचलते, ठकूचे ओठ मात्र मिटलेले. मी तिला एकदा म्हटलं, "अगं, शब्द मी दिला होता, मोडला मी." तर म्हणाली, "काका, ती तुमच्याकडे बघत नव्हती."

आत्याची आठवण काढायला सत्तर माणसं आहेत, तिची मला काळजी नाही. ती पोचली असेल जिथं पोचायचं तिथं. तुम्ही घरी जाल, देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागाल. तेव्हा त्यात आमच्या ठकूलाही धरा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. खिडकीशी बसलेली एक मुलगी आहे, देवा, असं म्हणा.