यादीतल्या बायका

रुपाबाईला खुर्चीसकट उचलून प्रयागबाईनं शाळेच्या पायऱ्या चढवल्या. दुसऱ्या बाजूनं चंदाबाईनं धरलं होतं. नव्वदीची म्हातारी, दोन वर्षांत तिनं अंगणाबाहेर पाय टाकला नव्हता.

"आडव्या बाटलीवर शिक्का मारजो, मामी. उभीले हात लावला तं खुर्ची इथंच सोडून जाईन."

"मले शिकोतं का वं? माह्या नवऱ्याले याच बाटलीनं नेलं."

कागदावर दोन बाटल्या छापलेल्या होत्या. उभी म्हणजे देशीचं दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. प्रयागबाई दुसरी शिकलेली. सरकारनं उभ्या जन्मात तिला समजेल असा एवढा एकच कागद काढला, असं ती म्हणे. दोन महिने उन्हातान्हात दारोदार फिरून तिनं सह्या-अंगठे गोळा केले होते. तेव्हा कुठं आज हे मतदान लागलं होतं, आणि तेही फक्त बायकांचं.

तिचा मुलगा जगदेव आतासुद्धा बंद दुकानासमोरच्या लिंबाखाली बसला असेल, हे तिला न पाहता ठाऊक होतं. मतदानापुरतं दुकान बंद, एवढंच. त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते. तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, तीनदा एसटीतून उतरला तो घरी यायच्या आधी दुकानात गेला. "दारू अशीच चालू राहिली तर वर्षभर," असं वाशीमचा डॉक्टर म्हणाला होता. पोराला दुकानापासून नेता येत नाही, तर दुकानच पोरापासून न्यावं, एवढा साधा हिशेब होता तिचा.

पाच वाजता पेटी उघडली. मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी आकडे वाचले.

"आडवी बाटली, तीनशे बारा. उभी बाटली, एकोणतीस. बाद, सात."

बायकांनी गिल्ला केला. सुलतानबीनं पदराखालून गुळाची पुडी काढली आणि पहिला खडा प्रयागबाईच्या तोंडात कोंबला. साहेब हात वर करून थांबले होते. गिल्ला ओसरल्यावर म्हणाले,

"ठराव नामंजूर."

प्रयागबाईच्या गालात गूळ तसाच राहिला.

"यादीत सहाशे चाळीस महिला आहेत. निम्म्याहून जास्त, म्हणजे तीनशे एकवीस मतं पाहिजेत. निम्म्या म्हणजे यादीतल्यांच्या निम्म्या, आलेल्यांच्या नाही. नियमच तसा आहे, मावशी."

"मंग ज्या आल्याच नाईत त्या कोनाच्या बाजूनं?"

साहेब कागद जुळवू लागले.

"दुकानाच्या म्हना ना. जीभ झडत नाई तुमची."

"वर्षभरानं पुन्हा मागणी करता येईल," साहेब मान न उचलता म्हणाले. "तोवर मयतांची नावं कमी करून घ्या, लग्न होऊन गेलेल्यांची पण. दाखले जोडा. आकडा खाली येईल."

वर्षभर. डॉक्टरनंही तेवढंच दिलं होतं.

बायका उठू लागल्या तशी प्रयागबाई दारात आडवी झाली.

"कोनी घरी जायाचं नाई. फरहीन, वाच वं यादी. मेलेल्या अन् गेलेल्या सगळ्या लिहून काढ."

सुलतानबीची सून फरहीन बारावी झालेली. ती बोट ठेवून वाचू लागली. चौथ्याच नावाला चंदाबाईनं मान खाली घातली. तिची सासू होती.

"काय वं चंदे? सहा वर्सं झाली बुढीले मरून. काहून नाई खोडलं नाव?"

"ध्यानातच नाई राह्यलं, काकू."

"तेरवीचे लाडू बरे ध्यानात राह्यले! जिती होती तवा बुढी दुकानावर गोटे मारे. तुनं तिले मेल्यावर बाटली धरून उभी केली."

हरल्या दिवशीही बायका हसल्या. चंदाबाईसुद्धा. मग ज्या त्या आपणहून सांगू लागल्या. माही जाऊ लिह्य, दाखला घरीच हाय. माही नणंद रिसोडले दिली. रुपाबाई खुर्चीतून ओरडली, "माहं नाव राहू द्या, म्या अजून मेली नाई!" वहीचं पान भरत आलं. प्रयागबाईच्या आवाजाला पुन्हा धार आली होती. गूळ तिनं चावून गिळला.

"राखी जगदेव..." फरहीननं वाचलं आणि बोट तिथंच राहिलं.



पेटीला दोरी बांधता बांधता साहेब म्हणाले, "दवाखान्यात वारल्या असतील तर सोपं आहे. घरी वारल्या असतील तर डॉक्टरचं पत्र लागेल, कशानं वारल्या त्याचं."

कावीळ झाली होती, असं गावाला सांगितलं होतं. तीन वर्षं झाली. राखीला शेवटची आंघोळ प्रयागबाईनं एकटीनं घातली, दार लावून. जावांनाही आत येऊ दिलं नव्हतं. वैशाखाचे दिवस होते, तरी पोलकं लांब बाह्यांचं घातलं, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटला. राखीचे आईबाप पोचले तेव्हा सरण पेटलेलं होतं. पुढं ग्रामसेवक नोंदीसाठी आला. त्याला चहा पाजून तिनं दारातूनच वाटेला लावलं. पुन्हा तो आला नाही.

"आजी," फरहीन हळूच म्हणाली, "राखीभाबीचं लिहू ना?"

प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर नीट होता तरी नीट केला. तिनं चंदाबाईकडं पाहिलं. तोंड उघडायची चंदाबाईची पाळी आली होती. चंदाबाई वाकली आणि रुपाबाईच्या खुर्चीखाली सांडलेला गूळ वेचू लागली.

"तिले राहू दे," प्रयागबाई म्हणाली.

फरहीननं बोट खालच्या नावावर सरकवलं.

मतदान संपलं होतं. रस्त्यापलीकडं दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज शाळेत सगळ्यांनी ऐकला.

"वाच ना वं पुढचं," प्रयागबाई म्हणाली.