कोर्टातल्या बाकाची तळमळ

मित्रांनो, तुम्ही वर्गात ज्यांच्यावर बसता त्या बाकांच्याच जातीचा मी, फक्त माझं नशीब कोर्टात निघालं. नाशिकच्या कोर्टात मोफत वकील मिळवून देणारी एक खोली आहे, तिच्या दाराबाहेर मी असतो. पंचवटीतल्या दत्तू सुताराने मला सागवानाचा, चांगला दणकट घडवला. नवा होतो तेव्हा मोठमोठे वकील माझ्यावर हात फिरवून माझं कौतुक करायचे. पुढे स्टीलच्या खुर्च्या आल्या, माझा एक पाय झिजला आणि कौतुक संपलं. आता माझ्यावर काळजीत पडलेली माणसंच बसतात. स्वस्थ कुणीच बसत नाही. कुणी पाय हलवतं, कुणी नखाने माझं पॉलिश खरवडतं. त्यांची धाकधूक माझ्यात उतरते आणि मीही डुगडुगत राहतो.

परवा चांदवडकडची चंद्रभागा येऊन बसली. तिचा मुलगा संतोष कांद्याच्या लिलावात झालेल्या मारामारीमुळे कोठडीत होता. दुपारी त्याला कोर्टापुढे आणणार होते. त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसलं, तर त्याची रवानगी तुरुंगात होणार होती. खोली समोरच, पण बाई आत जाईना. अंगावर ठिगळाचं लुगडं, कानातली फुलं घरी काढून ठेवलेली. शेती असल्याचं कळलं तर फुकटचा वकील मिळणार नाही, असं तिच्या दिराने, काळूने तिला बजावलं होतं. ती आपली पुटपुटत होती, "शेती नाय, काहीच नाय."

मला असा राग आला म्हणून सांगू! कोठडीतल्या माणसाला वकील देताना त्याची कमाई बघत नाहीत, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पण मी बोलणार कसा? दुपार जवळ येत चालली आणि माझा जीव नुसता वरखाली होत होता.

इतक्यात आतून योगिनी वकीलबाई आल्या. "मावशी, कशाची वाट बघताय?"

चंद्रभागेने संतोषचं सांगितलं. त्या तिच्याशेजारीच बसल्या आणि लिहू लागल्या. "जामीनदार कोण राहील? कुणाच्या नावावर शेती आहे?"

"शेती नाय, काहीच नाय!" पाठ केलेलं तोंडातून निघून गेलं.

योगिनीबाईंचा पेन थांबला. "मग अवघड आहे. वकील तर तुम्हाला मिळालाच. मुलगा कोठडीत आहे म्हटल्यावर गरीब-श्रीमंत बघत नाहीत. पण जामीनदाराचा सातबारा दाखवला नाही, तर जामीन होऊनही तो आत अडकून पडेल."

चंद्रभागा अशी ताडकन उठली, की मी भिंतीवर आदळलो.

"हाय, ताई! लय नाय, पण हाय. दिराच्या नावावर हाय. खोटं बोलले मी." तिने लगेच काळूला फोन लावला. "भावजी, सातबारा घेऊन निघा! आन् गरीब दिसायचं राहू द्या आता!"

काळू सातबारा घेऊन वेळेत पोचला. संध्याकाळी संतोष सुटून आला आणि आईशेजारी माझ्यावर बसला. ती आधी रडली, मग तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मलाही रडू आलं असतं, पण आम्हा लाकडांना ती सोय नाही.

मित्रांनो, असं कुणी दाराबाहेर अवघडून बसलेलं दिसलं, तर पुढे निघून जाऊ नका, थांबून विचारा. मायलेक जायला उठले, तेव्हा माझ्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून 'घर नाही, काहीच नाही' असं घोकत बसले होते. चंद्रभागा दोन पावलं गेली आणि मागे फिरली.

"बाबा," ती म्हणाली, "खोटं पाठ करू नका. चला, मी येते तुमच्यासंगं आत."