वायरमनच्या तोंडावरचा दिवा

दिवसा लोकांच्या घरचे फ्यूज बदलायचे आणि संध्याकाळी यमकं जुळवायची, असा वायरमनचा दुहेरी संसार. वाचनालयाच्या हॉलमध्ये वस्तीतल्या कवींचा कार्यक्रम असला की दिवे लावायला तोच आणि कविता म्हणायलाही तोच. मग काय विचारता! स्वतःची पाळी आली की सगळा हॉल अंधारा करायचा आणि एकच झगझगीत दिवा आपल्या तोंडावर सोडायचा. बायको म्हणायची, “लग्नातसुद्धा एवढे मिरवला नव्हतात.”

यंदा ग्रंथपालबाईंनी नवी टूम काढली. प्रत्येक कवीने दुसऱ्या कुणा कलावंताच्या जोडीने कविता सादर करायची. कुणाला बासरीवाला मिळाला, कुणाला चित्रकार. वायरमनने मात्र आपणहून खुणांच्या भाषेतल्या दुभाषीबाई मागून घेतल्या. कारण उघड होतं. त्याच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पोर कॉलेजात जायला लागली, बापाच्या कविता वस्तीभर गाजल्या, आणि तिच्यापर्यंत त्यातली एकही पोचली नाही. आईचे हात तिच्याशी भराभर बोलायचे. बापाचं गाडं ‘जेवलीस का’ आणि ‘दार लाव’ यांच्या पुढे सरकत नव्हतं. तिच्या चपळ बोटांपुढे त्याला आपले हात लाकडाचे वाटायचे, आणि हा बाप्या चक्क लाजायचा.

“ती येईल ना?” सकाळपासून त्याने बायकोला भंडावून सोडलं होतं.

“येईल हो. तुम्ही नीट वाचा म्हणजे झालं.”

लेक आली, आईशेजारी पहिल्या रांगेत बसली. वायरमनची पाळी आली. सवयीने त्याने मागच्या भिंतीवरची बटणं खटाखट दाबली, आपला दिवा तेवढा ठेवला आणि मंचावर जाऊन वाचायला लागला. लोक वाहवा करत होते. त्याने हळूच लेकीकडे पाहिलं, तर ती छताकडे बघत बसलेली.

आवडली नाही की काय? मग त्याने शेजारी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. दुभाषीबाई मिट्ट काळोखात उभ्या राहून इमानेइतबारे हात हलवत होत्या. जिच्यासाठी एवढा घाट घातला, नेमका तिच्यासाठीच या शहाण्याने अंधार करून ठेवला होता.

“बाई, इकडे या,” म्हणत त्याने त्यांना दिव्याखाली उभं केलं आणि स्वतः अंधारात सरकला. “पहिल्यापासून म्हणतो.” कागद दिसेना. नाही तर नाही, सगळं घरातलंच तर होतं.

कवितेत एवढंच होतं, की पोर लहान असताना ती झोपली की बाप तिच्या उशाशी बसून बोलत राहायचा. ती जागी असली की हात चालायचे नाहीत, म्हणून. झोपलेल्या लेकराला ऐकू येत नाही, हे तरी सगळ्या बापांच्या वाट्याला सारखंच, असं त्याने शेवटी म्हटलं होतं.

लेकीची नजर बाईंच्या हातांवरून हलली नाही. बापाकडे तिने एकदाही पाहिलं नाही, आणि लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून धडपडणाऱ्या त्या माणसाला त्याचं काहीच वाटलं नाही.

टाळ्या सुरू झाल्या तशी ती उठली, तरातरा मंचावर चढली, काळोखात चाचपडत तिने त्याची बाही धरली आणि त्याला उजेडात ओढून आणलं. मग तिचे हात चालू लागले.

“काय बोलायचास, विचारतेय,” दुभाषीबाई म्हणाल्या.

“बाई, मी तोंडाने सांगतो, तुम्ही तिला—”

“छे! एवढं तुमचं तुम्ही बघा.” बाई हसल्या आणि खाली उतरून त्याच्या बायकोशेजारी जाऊन बसल्या.

वायरमनने घसा खाकरला. त्याचा इथे काही उपयोग नाही हे लक्षात आल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. मग एकेक खूण आठवत, चुकत, लेक बोटं धरून सुधारेल तशी पुन्हा करत, तो तिला सांगू लागला.