वारेमामाचा कानमंत्र

रविवारी सकाळी आमच्या बंदराच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसे. पानगळ संपत आली की इथला समुद्र लहरी होतो. सकाळी तेल ओतल्यासारखा शांत, दुपारी होडी उलटी. त्यामुळे पुढच्या आठवड्याचं हवामान ज्याला कळतं तो राजा. आणि ते कळे फक्त वारेमामाला.

वारेमामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. दोरखंडांच्या गोदामाच्या पायरीवर तो डोळे मिटून बसे, नाकपुड्या फुगवून वारा हुंगे, मग एकेका होडीवाल्याला जवळ बोलावून कानात सांगे, ‘जा’ किंवा ‘थांब’.

“हवामान खातं काय म्हणतं? शक्यता आहे,” तो गर्दीला ऐकवी. “जावई जेवायला बसला आणि सासू म्हणाली, जेवणाची शक्यता आहे, तर पोट भरेल का?” लोक हसत. “माझ्याकडे शक्यता नाही, वाऱ्याचा शब्द आहे. पण ज्याचा त्याला. बायकोलाही सांगायचं नाही. वारा मानी आहे. शब्द फुटला की उलटा फिरतो.”

आणि दर आठवड्याला कुणीतरी शपथेवर सांगे, “मामा थांब म्हणाला म्हणून वाचलो.” माशांची पहिली टोपली मामाच्या दारात जाई. माझा विश्वास नव्हता, पण आईपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. दादाचा तर मामावर जीव. वडील गेल्यावर त्याच्या हातात वल्हं दिलं ते मामानंच.

त्या रविवारी रेडिओवर इशारा होता : आठवड्याच्या मध्याला उत्तरेकडून जोराचं वादळ, होड्या बाहेर काढू नका. मामानं दादाच्या कानात सांगितलं, ‘जा’. दादा गेला. बुधवारी त्याची होडी खडकावर आपटली. त्याला जिवंत आणलं, पण डावा पाय डॉक्टरांना गुडघ्याखाली कापावा लागला.

मामा इस्पितळात आला, दादाचा हात धरून रडला. मग हळूच विचारलं, “शब्द फोडलास का कुणाजवळ?”

दादानं डोळे मिटून घेतले. “हिला सांगितला होता.”

ही म्हणजे माझी वहिनी, शाळेतली शिक्षिका. त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलेना. आई तर तिचं तोंडही पाहीना. वहिनी एकदाच म्हणाली, “मी ऐकलं म्हणून वादळ आलं?” आई उठून आत गेली. मीही तिच्यामागे गेले.

तिच्या वर्गात बहुतेक मुलं होडीवाल्यांची. एके दिवशी तिनं विचारलं, “वादळाच्या आधी मामानं ज्यांच्या बाबांना ‘जा’ सांगितलं, त्यांनी हात वर करा.” शब्द न फोडण्याच्या शपथा बापांनी घेतल्या होत्या, पोरांनी नाही. आणि शपथ घेऊनही प्रत्येक बापानं घरी सांगितलंच होतं. निम्मे हात वर गेले.

“आणि ‘थांब’ कुणाला?”

उरलेले निम्मे.

पहिल्या बाकावरची मुलगी गोंधळली. “बाई, वारा एकच ना? मग दोन-दोन कसं सांगतो?”

दादा घरी आला, कुबड्यांवर चालू लागला. वर्गातलं सगळं वहिनीनं मला सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मी त्याला म्हटलं, “माझ्यासाठी धक्क्यावर चल.” वहिनी आधीच तिथे उभी होती.

“मामानं वादळाच्या आठवड्यात काय सांगितलं होतं, ते मोठ्यानं बोला,” ती गर्दीला म्हणाली. जो तो मागे सरकला. “घाबरता कशाला? वादळ येऊन गेलं. आता काय उलटं फिरणार?”

एक म्हातारा खाकरला. “मला थांब.”

“मला जा,” त्याचा शेजारी म्हणाला. “आभाळ बघून मी अर्ध्या वाटेतून परतलो. वाटलं, माझ्याच हातून शब्द फुटला.”

“मलाही जा.”

“मला थांब.”

“बघा,” वहिनी म्हणाली. “निम्म्यांना हे, निम्म्यांना ते. हवा कशीही निघो, निम्म्यांचं खरं ठरतं आणि ते गावभर सांगतात. बाकीच्यांना वाटतं चूक आपली, म्हणून ते लाजेनं गप्प. एवढीच मामांची विद्या.”

दादा कुबड्या टेकत पायरीपाशी गेला. “मामा, वादळ येणार हे तुला ठाऊक होतं?”

“मला कुठून ठाऊक असणार?”

“रेडिओवर तर सांगत होते.”

“रेडिओचंच सांगायचं, तर माझ्याकडे कोण येईल?”

“मग मला ‘जा’ का म्हणालास?”

मामानं मान खाली घातली. “तुझ्या आधीच्याला ‘थांब’ सांगून झालं होतं,” तो म्हणाला.

दादानं त्याला शिव्या दिल्या नाहीत. तो वळला आणि वहिनीपुढे उभा राहिला. “मी तुला दोष दिला,” तो म्हणाला. तिनं ‘हो’ म्हणून मान हलवली. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. आई भावाच्या दारात पुन्हा गेली नाही.

हवामान खात्याचंही चुकतं. पण ते सगळ्यांना एकच सांगतं, उघड सांगतं, आणि चुकलं तर सगळ्यांना दिसतं. म्हणून सांगते : कुणी तुमच्या कानात भविष्य सांगून वर ‘बोलू नकोस’ म्हणालं, तर तिथल्या तिथे मागे वळा आणि शेजाऱ्याला विचारा, तुला काय सांगितलं?