सगळ्यांचं बरोबर होतं

मॅरन टोलेफसनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो अर्ज तीन आठवडे पडून होता. एकदा त्यावर सूप सांडलं, एकदा धाकट्या लेकीने त्याच्या मागे गणितं सोडवली. पण मॅरनने काही तो भरला नाही.

अर्ज पुढच्या शिक्षणाचा होता. सिस्टीम्स इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी. दोन वर्षं, दर शुक्रवार-शनिवार वर्ग. फी कंपनी भरणार, शुक्रवारची सुट्टीही देणार. अडत होतं ते मॅरनचंच. वय एक्केचाळीस. मिनिआपोलिसजवळच्या त्या कंपनीत ती चौदा वर्षं होती. रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारे पंप तिथे बनत, आणि त्यातला धोक्याचा अलार्म हा मॅरनचा भाग. आपलं काम चोख, मग आणखी काय शिकायचं?

तिचा नवरा रस शाळेत सुतारकाम शिकवायचा. तो म्हणाला, "घरचं मी बघतो. तुला करायचंय की नाही, एवढंच सांग."

"तेच कळत नाहीये रे."

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गॉर्डी स्टेन्सरूडला मात्र सगळं कळत होतं. तो पंपाच्या बॅटरीचं काम बघायचा. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि जीभ जन्मापासून तिखट होती.

"हे बघ मॅरन," तो म्हणायचा, "ज्याला स्वतःला काही बनवता येत नाही तो दुसऱ्यांच्या कामाभोवती चौकोन काढतो आणि मध्ये बाण ओढतो. त्यालाच म्हणतात सिस्टीम्स इंजिनिअर. तुझे हात चांगले चालतात, त्यांना गंज कशाला चढवतेस?"

मॅरन हसायची. अर्ध्याहून जास्त तिलाही पटत असे.

मार्चमध्ये एका गावातल्या रुग्णालयातून तक्रार आली. व्हर्नन नावाचे एक म्हातारे रुग्ण, आयुष्यभर गाईंचा गोठा सांभाळलेले. त्यांच्या पंपाची नळी अंगाखाली मुडपली, रक्तदाबाचं औषध थांबलं आणि ते बेशुद्ध पडले. नर्स पोचली तेव्हा अकरा मिनिटं उलटली होती. म्हातारा वाचला, पण थोडक्यात.

वरिष्ठ लॉरेन डाल यांनी बैठकीत पंपाची नोंद वाचून दाखवली. "दुपारी दोन दहाला अलार्म वाजलाय. नर्स आली दोन एकवीसला. म्हणजे आपला पंप निर्दोष."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मॅरननेही सोडला. त्या श्वासाची तिला पुढे फार लाज वाटली.

"मॅरन, तू जाऊन ये," लॉरेन म्हणाले. "पंप तपास, कागदावर सही आण. औपचारिकता आहे."

ती गेली. पंप खरंच ठीक होता. सही करणाऱ्या मॅनेजरबाई सहज बोलून गेल्या, "त्या नर्सला वॉर्डातून काढलंय. चौकशी संपेपर्यंत खाली कोठीघरात चादरी मोजतेय."

मॅरनला उगीचच राहवेना. ती खाली गेली.

ती नर्स, पाकू लोर, ठेंगणीशी, अठ्ठेचाळीस वर्षांची; आग्नेय आशियातून आलेल्या हमोंग समाजातली. तेवीस वर्षं नोकरी झालेली. चादरींच्या थप्प्यांमध्ये उभी होती. मॅरनने ओळख सांगितली तेव्हा ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिने हातातली चादर बाजूला ठेवून खुर्ची पुढे केली.

"पंप बनवता तुम्ही? तेवीस वर्षांत पंप बनवणारं माणूस पहिल्यांदाच बघतेय. बरं झालं आलात."

"मला फक्त विचारायचं होतं," मॅरन चाचरत म्हणाली, "अलार्म वाजत होता. तुम्हाला ऐकू कसा आला नाही?"

"सांगून पटणार नाही तुम्हाला. अर्धा तास आहे का?"

मॅनेजरबाईंची परवानगी काढून दोघी वर गेल्या. व्हर्नन यांची खोली रिकामीच होती. मॅरनने तपासलेला पंप तिथेच होता. पाकूने तो नुसत्या सलाइनवर चालू करून त्याची वायर भिंतीतून काढली, कारण त्या दिवशी रुग्णाला नुकतंच तपासणीहून परत आणलं होतं आणि पंप बॅटरीवर होता. आत दुसऱ्या नर्सला नळी चिमटीत धरायला सांगितली आणि दार लावून घेतलं. मग मॅरनला समोरच्या खोलीत आणलं. अपघाताच्या वेळी पाकू तिथेच एका बाईची जखम बांधत होती.

"इथे उभ्या राहा. तुमचा अलार्म ऐकू आला की सांगा."

मॅरनने कान दिला. एका पलंगाने टूं टूं केलं. फोन वाजला. जेवणाची गाडी खडखडत गेली. पलीकडे आणखी एक पलंग टूं टूं करू लागला.

"वाजला?" पाकूने विचारलं.

"अजून नाही."

आणखी थोडा वेळ गेला. "आता?"

"नाही. त्यांनी नळी धरलीय ना नीट?"

पाकूने मॅरनला बाहेर आणून समोरचं दार उघडलं. आत अलार्म वाजत होता. पंपाच्या पडद्यावर लिहिलं होतं: अलार्म सुरू होऊन चार मिनिटं.

मॅरन दारातच थबकली. हा आवाज तिने स्वतः निवडला होता. चौदा वर्षं रोज ऐकला होता. आणि तो तिलाच ऐकू आला नव्हता!

मग एकेक गोष्ट उलगडली. ही जाड दारं मागच्या वर्षी बसवली होती, रुग्णांना झोप लागावी म्हणून. चांगलाच हेतू. नवे पलंग दुसऱ्या कंपनीचे, रुग्ण पडू नये म्हणून तेही वाजायचे, आणि त्यांचा सूर अगदी पंपासारखा. तोही हेतू चांगला. आणि पंप बॅटरीवर असला की अलार्मचा आवाज कमी व्हायचा. ते कोणी केलं होतं? मॅरननेच. बॅटरी जास्त वेळ टिकावी म्हणून गॉर्डीने मागणी केली आणि तिने एका दुपारी ते उरकून टाकलं होतं.

"म्हणजे सगळ्यांचं बरोबर होतं," ती पुटपुटली.

"हो ना," पाकू म्हणाली. "दारवाल्याचं बरोबर, पलंगवाल्याचं बरोबर, तुमचंही बरोबर. सगळे आपापलं बरोबर करून घरी गेले. शेवटी उरले कोण? मी. मग चूक माझी." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते बोलणं जास्त लागलं. "या सगळ्याच्या मधल्या जागेकडे बघायचं काम कोणाचं असतं हो?"

"कोणाचंच नाही," मॅरन म्हणाली. "तसं ते शिकवतात. त्याचाच एक अभ्यासक्रम आहे. घरी अर्ज पडलाय."

"मग शिका की."

"एक्केचाळीसची आहे मी."

"मी अठ्ठेचाळीसची. तुम्ही दर दोन वर्षांनी नवी बटणं काढता, ती शिकतेच ना मी? मला कोणी वय विचारत नाही."

मॅरनला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

कंपनीत परतल्यावर तिने जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिलं. लॉरेननी बैठकीत तो अहवाल वाचून चष्मा काढला.

"हे बाहेर गेलं तर पहिलं नाव तुझं येईल, कळतंय ना?"

"येऊ द्या. आवाज मीच कमी केला होता. त्या बाईंनी तेवीस वर्षं माणसं सांभाळली आणि आज त्या आपल्यापायी चादरी मोजताहेत."

कोपऱ्यातून गॉर्डीचा आवाज आला. "बॅटरीचा हट्ट माझा होता. तेही लिही त्यात. माझं नाव नीट लिही, लोक नेहमी एक अक्षर चुकवतात."

लॉरेननी अहवालावर सही केली.

पुढच्या दोन महिन्यांत पंपाचा अलार्म बॅटरीवरही पूर्ण आवाजात वाजू लागला. रुग्णालयाने पलंगांचा सूर बदलून घेतला. पाकू लोर पुन्हा आपल्या वॉर्डात आली, आणि मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. बऱ्या झालेल्या व्हर्नन आजोबांनी तिला घरच्या लोण्याचा डबा पाठवला.

मॅरनने अर्ज भरला. 'हे शिक्षण का घ्यायचे आहे?' या रकान्यात तिने त्या चार मिनिटांची हकीकत लिहिली आणि पाकूचं नाव लिहिलं. गॉर्डीला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चौकोन काढशील तेव्हा माझ्या बॅटरीचा जरा मोठा काढ."

वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी पाकूने तिला शेजारच्या सेंट पॉल शहरातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. मॅरन आभार मानायला गेली होती, पण तिला कोणी बोलूच देईना. भात, उकडलेली कोंबडी, हिरव्या मिरचीचा झणझणीत ठेचा, सगळं ताटात पडत राहिलं. जेवणानंतर पाकूची म्हातारी आई पुढे आली, तिने मॅरनच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?" मॅरनने विचारलं.

"म्हणाली, तुझी विद्या तुझ्यापाशी टिको आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडो."

"आभार तर मी मानायचे होते, पाकू. तुम्ही मला तिथे उभं केलं नसतं तर मी अजून माझंच बरोबर म्हणत बसले असते."

"तुम्ही उभ्या राहिलात," पाकू म्हणाली. "चौकशीला आलेले बाकीचे कागदावर सही घेऊन निघून गेले."

वाचकहो, आपल्यापैकी कोण असं करत नाही? काही बिघडलं की आपण आधी आपला भाग तपासतो, तो ठीक निघाला की हात झटकतो, आणि बोट दाखवतो ते शेवटी उभ्या असलेल्या माणसाकडे. तो कधी नर्स असतो, कधी गाडीचा चालक, कधी खिडकीपलीकडचा कारकून. आपलं काम चोख करणं ही अर्धीच जबाबदारी झाली. आपलं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, तिथे जाऊन उभं राहणं ही उरलेली अर्धी. त्यासाठी पदवी मिळाली तर जरूर घ्यावी, कोणत्याही वयात घ्यावी. पण त्याआधी, जो शेवटी उरतो त्याला दोष देण्याऐवजी त्याच्या शेजारी अर्धा तास उभं राहावं. आणि त्याने जे दाखवलं, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत.