बंडूचे कान

ह्यांचं जेवण बंडूच्या कानावर चालायचं. वाचायला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते.

माझे यजमान शरदचंद्र चौऱ्याऐंशी वर्षांचे. तीन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे. मला ते 'बाई' म्हणतात. कामाला ठेवलेली कोणीतरी आहे असं समजून, पण मान देऊन. मुलाला, अनिमेषला, 'साहेब' म्हणतात. नाव लक्षात राहिलं ते फक्त कुत्र्याचं. दुपारी एक वाजता बंडू खुर्चीच्या डाव्या बाजूला येऊन बसायचा, ह्यांची बोटं त्याच्या लांब कानाच्या केसांत फिरायला लागायची, आणि मग तोंड उघडायचं. मी मऊ भाताचा घास भरवायची. बंडू उठला की तोंड मिटलं. डॉक्टर म्हणायचे, चालतंय तोवर चालू द्या, नाहीतर नाकातून नळी.

बंडू स्पॅनियल. गिरगावातल्या या घरात मी एकाहत्तर साली लग्न होऊन आले, तेव्हापासून याच जातीचे कुत्रे बघते आहे. पहिली जूली, गावदेवीच्या एका पारशी बाईंनी विलायतेला जाताना दिलेली. दर रविवारी सकाळी हे गॅलरीत पाट टाकून बसत. दोन पोलादी फण्या, एक जाड दातांची, एक बारीक. केस मुळाशी घट्ट धरायचे आणि टोकापासून सोडवत वर यायचं, म्हणजे जनावराला हिसका बसत नाही. तासभर चाले. सासूबाई म्हणायच्या, "बायकोच्या डोक्याकडे बघितलंस का रे कधी एवढं?" हे म्हणायचे, "ती स्वतःचं विंचरते, हिला हात नाहीत." कुत्र्याला केस कापायला कुठे बाहेर न्यायचं असतं, हे वाडीत कोणाला ठाऊकही नव्हतं.

ह्यांचे हात थरथरायला लागले तशा फण्या माझ्याकडे आल्या. माझ्या बोटांचे सांधे धरलेले, उजव्या डोळ्याला धूसर दिसतं. फणी अडकायला लागली तसं मी मला येत होतं ते केलं, खोबरेल लावलं. केस म्हटले की तेल, एवढंच मला शिकवलेलं. तेलावर धूळ बसली, केस एकमेकांना चिकटले आणि कानांमागे सुपारीएवढ्या गाठी झाल्या.

अनिमेष दादरला राहतो, शनिवारी येतो. गणपतीच्या दिवसांत आला तेव्हा दारातच म्हणाला, "आई, याला वास येतोय."

"पाऊस आहे. कुत्र्याला येतोच."

"हा पावसाचा नाही. मी एका मुलीला सांगितलंय. घरी येऊन बघेल."

ती प्राची. लालबागची, आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते म्हणाली. परळला तिचं कुत्र्यांचं पार्लर आहे. विसर्जनाच्या आदल्या दिवशी गर्दीतून वाट काढत चालत आली. जमिनीवर मांडी घातली, बंडूला मांडीत घेतलं, कान उलटून बघितले.

"आजी, हे तेल कोणी घातलं?"

"मी."

"भजी तळायची होती का?" असं म्हणून हसली. मग गंभीर झाली. "हे विंचरून सुटणार नाही. दोन्ही कानांचे केस मशीनने मुळापासून उतरवायला लागतील. आत हवाच जात नाहीये."

"पूर्ण?"

"पूर्ण. चार-पाच महिन्यांत येतील परत."

चार-पाच महिने ह्यांचा हात कशावर फिरणार, हे मी तिला विचारलं नाही. मी म्हटलं, "परवापासून पितृपक्ष. आमच्याकडे पक्षात घरात कोणाच्या केसांना कात्री लागत नाही. ह्यांनी जन्मभर पाळलंय."

"पण पितर तुमचे ना आजी? याचे थोडेच?"

अनिमेष हसला, मग त्याने बापाच्या खुर्चीकडे बघितलं. पक्षात त्याला शाळेत वाढलेल्या केसांनी पाठवल्याबद्दल मास्तरांची चिठ्ठी आली होती, तेव्हाही हे बधले नव्हते. "ठीक आहे," तो म्हणाला. "अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी. मग नवरात्र सांगू नकोस."

जाताना प्राचीने मला बजावलं. "तोवर तेल बंद. आणि स्वतः कात्री लावू नका. गाठीत कातडी ओढली जाते, ती दिसत नाही."

मला पंधरा दिवस मिळाले होते. तेवढ्यात मी गाठी सोडवल्या तर कान उतरवायची वेळच येणार नव्हती. रोज दुपारी ह्यांना झोप लागली की मी बंडूला गॅलरीत घ्यायची. चार दिवसांत एक गाठ सुटली. दुसरी सुटेना. सप्तमीला सासऱ्यांचं श्राद्ध झालं, कावळ्याला पान ठेवलं, आणि त्याच दुपारी मी शिवणाची कात्री घेतली.

कात्री मिटली तेव्हाच मला कळलं. केस कापताना असा मऊ अडसर लागत नाही. बंडू ओरडला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. डाव्या कानामागे बोटाच्या पेराएवढं मांस उघडं झालं होतं. मी हळद भरली, वरून खोबरेल लावलं, आजूबाजूचे केस त्यावर ओढून बसवले आणि गॅलरीची फरशी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी एक वाजता तो नेहमीच्या जागी जाऊन बसला. ह्यांनी हात घातला, पूर्ण वाटी भात खाल्ला. मला बरं वाटलं, हे मला लपवता येणार नाही.

त्या पंधरवड्यात कामामुळे अनिमेषला शनिवारीही यायला जमलं नाही, फोनवर मात्र त्याने रोज विचारलं. "बंडू?"

"बरा आहे."

नंतरच्या आठवड्यात बंडू डोकं एका बाजूला कलवून चालायला लागला. वास वाढला. मी उदबत्ती लावायची. ह्यांच्या बोटांना चिकट लागायचं, ते मी ओल्या फडक्याने पुसायची. दोनदा फोन हातात घेतला. पण जनावरांचा डॉक्टर पहिल्यांदा केस काढणार, हे मला कळत होतं. अमावास्येपर्यंत ह्यांनी नीट जेवावं, मग बघू, असं मी रोज ठरवलं.

घटस्थापनेच्या सकाळी प्राची आली. मशीन कानाच्या मुळाशी फिरलं आणि तिने ते लगेच बंद केलं. केसांचा तो सबंध गठ्ठा उचलल्यावर खाली पांढरं वळवळत होतं. अनिमेष तोंड फिरवून गॅलरीत गेला. प्राचीने जखमेची कड बोटाने चाचपली. कड सरळ होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी साडीच्या पदराला हात पुसत होते.

"कसं झालं हे?" अनिमेषने तिथूनच विचारलं.

"गाठीखाली ओल राहिली की होतं असं," ती म्हणाली. "टॅक्सी बोलवा, परळला डॉक्टरकडे नेऊ. लवकर."

डावा कान अर्ध्याहून जास्त काढावा लागला. उजव्याचे नुसते केस उतरवले. चौथ्या दिवशी बंडू घरी आला. तोवर ह्यांच्या पोटात चमच्याने दिलेली पेज तेवढी जात होती. एक वाजता आपणहून खुर्चीशी जाऊन बसला. ह्यांचा हात खाली गेला, टाक्यांवर थांबला, मग डोक्यावरून, गळ्यावरून शोधत फिरला.

"हा कोणाचा कुत्रा?" ह्यांनी विचारलं.

"बंडू आहे."

"नाही बाई. बंडूला बोलवा."

तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चमच्याने दिलेलं पाणी तेवढं ओठांवरून आत जायचं. लोकरीचा गोंडा दिला, तो टाकून दिला. तिसऱ्या दिवशी मी माझा अंबाडा सोडला आणि केस ह्यांच्या डाव्या हातात दिले. बोटं क्षणभर फिरली. मी घास पुढे केला.

"केस बांधा बाई," हे अगदी सौम्यपणे म्हणाले. "घरात पुरुषमाणसं असतात."

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी नळीचं सांगितलं. नर्स यायची होती, तोवर अनिमेष आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो. मी सगळं सांगितलं. सप्तमी, कात्री, हळद.

अनिमेषने विचारलं, "मला का नाही बोलावलंस?"

"तू काय केलं असतंस?"

"त्याच दिवशी कान उतरवायला लावले असते."

"म्हणून नाही बोलावलं. हे जेवले नसते."

"पाच महिने जेवले नसते कदाचित. कदाचित दोनच दिवस. माहीत नाही," तो म्हणाला. "पण केस परत येतात, आई."

बेल वाजली. नर्स चांगली होती, हात धुऊन तिने नळीला जेली लावली आणि ह्यांची मान मागे केली. म्हणाली, "हात धरायला लागतील, आजोबा ओढून काढतील." उजवा अनिमेषने धरला, डावा मी.

"सोडा बाई," हे म्हणत होते. हातात अजून पुष्कळ जोर होता.