मांडी घालून पाहिलेला सिनेमा

मित्रांनो, सिनेमा सगळे डोळ्यांनी पाहतात. मी मात्र तो नुसता ऐकते, कारण पाहणारे सगळे माझ्यावरच बसलेले असतात! धाडच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे, त्या गावच्या वाचनालयाची मी जुनी सतरंजी.

माझा जन्म खामगावच्या एका मागावर झाला. अंगात सगळा गावरान कापूस! बीटीच्या बियाण्याचे तेव्हा कुणी नावही ऐकले नव्हते. निळ्या-तांबड्या पट्ट्यांमुळे मी मोठी ऐटदार दिसे. वाचनालयात माहितीपट असला, की शिपाई निवृत्ती मला झटकून अंथरायचा आणि अख्खे गाव माझ्यावर मांडी ठोकून बसायचे.

ज्या वर्षी बीटीच्या बोंडांतही गुलाबी अळी निघाली, त्या वर्षी गावाची तोंडे पार सुकली. तेव्हा ग्रंथपाल पद्मजाबाईंनी कपाशीवरचाच माहितीपट लावला. पडद्यावरचा तज्ज्ञ उपदेश करू लागताच शेतकरी उकंडराव ओरडले, "आमच्या वावरात ये बे, मंग सांग!" बऱ्याच दिवसांनी माणसे पोट धरून हसली. त्यांच्या हसण्याने मीही गदगदले.

पुढे लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मग काय, गरज सरो, वैद्य मरो! माझी गुंडाळी कपाटामागे गेली आणि उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. मला फार वाईट वाटले. पण खुर्च्या आल्या आणि बायका येईनाशा झाल्या. का, ते पद्मजाबाईंना उमगेना. या खेपेलाही बायका आल्या नाहीत तर कार्यक्रम बंद, असे वाचनालयाच्या मंडळाने त्यांना बजावले.

या खेपेचा माहितीपट आमच्या नूरबीवर होता. पिंजणाची तात, म्हणजे ताणलेली दोरी, छेडून कापूस पिंजणारी गावात आता ती एकटीच. नूरबी नवे लुगडे नेसून आली आणि दारातच थबकली. पुढच्या खुर्चीवर तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, बद्रुद्दीनचाचा बसले होते. तिच्यामागे बाकीच्या बायकाही खोळंबल्या.

"अहो, थांबलात का? बसा ना," पद्मजाबाई म्हणाल्या.

"जेठासमोर खुर्चीवर कशी बसू, बाई? मी चालली घरी."

पद्मजाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "निवृत्ती, आधी ती सतरंजी काढा!"

धूळ उडवत मी उलगडले. नूरबी बसली, तिच्यामागे सगळ्या बसल्या. तेवढ्यात चाचाही खुर्ची सोडून खाली आले. "आमची नूरबी पडद्यावर हाय, अन् मी वर बसून काय करू?"

दिवे मालवले. पडद्यावर तात वाजू लागली, टंऽग, टंऽग. मित्रांनो, माझा धागा न् धागा शहारला. सूत होण्याआधी, मी नुसता कापूस असताना, हाच आवाज ऐकला होता! नूरबीचे बोट माझ्यावर हळूच ताल धरत होते.

कार्यक्रम अजून चालू आहेत. माझ्या कोपऱ्याला नूरबीने ठिगळ लावले आहे. खुर्च्यांशी माझे भांडण नाही. फक्त मला फरफटत नेऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि कुणी दारात अवघडून उभे दिसले, तर मला उलगडा.